तुमचे नाव येथे लिहा

पोर्टफोलिओ करून देणाऱ्या कुठल्याही साइटवर गेलं की आधी टेम्प्लेटं दिसतात, आणि ती इतकी देखणी असतात की नुसतं बघूनच आपणही कुणीतरी आहोत असं वाटायला लागतं. पांढरी भिंत, भिंतीला टेकवलेली सायकल, लाकडी टेबलावर एक मग. डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कलावंताचं नाव. नाव दोनच शब्दांचं, आणि आडनाव कधीच क्षीरसागर नसतं. खाली नऊ चित्रं, नवांत मिळून रंग तीन. ही बाई अस्तित्वात नाही हे मला माहीत आहे, तरी मला तिचा हेवा वाटतो. तिला आयुष्यात कुणी ‘मॅडम, जरा लाल वाढवा’ म्हटलेलं नाही, हे तिच्या भिंतीकडे बघूनच कळतं.

मी मुखपृष्ठं करते आणि पुस्तकांच्या आतली चित्रं काढते. कुणी विचारलं तर एवढंच सांगते. पण माझी बिलांची फाइल उघडलीत तर तिथे एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल सापडेल, गृहनिर्माण सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका सापडेल, मसाल्याची पाकिटं, मुंजीची आमंत्रणं, एका डॉक्टरांच्या दवाखान्यात लावलेला ‘मधुमेह्यांनी काय खावे’ हा तक्ता, आणि एका पिठाच्या गिरणीची पाटी. गिरणीच्या पाटीचे पैसे रोख आणि त्याच दिवशी मिळाले होते, म्हणून तिच्याबद्दल माझ्या मनात विशेष आदर आहे. हे सगळं मिळून जे होतं त्याला फ्रीलान्स म्हणतात. टेम्प्लेटवाली साइट मात्र पहिल्याच पायरीला विचारते : तुम्ही कोण? आणि पर्याय देते. छायाचित्रकार, वास्तुरचनाकार, संगीतकार, मॉडेल, डिझायनर. एकावरच खूण करायची. ‘पडेल ते’ असा पर्याय मला अजून कुठल्याही साइटवर आढळलेला नाही.

पुण्याच्या कडेकडेनं नव्या स्कीममध्ये सॅम्पल फ्लॅट दाखवतात, तसं हे आहे. सॅम्पल फ्लॅटमध्ये कपडे वाळत घालायची दोरी नसते, सिलिंडर नसतो, देवघरात देव नसतात. माणसं येतात, ‘अगदी अश्शीच रचना ठेवायची हं’ असं एकमेकांना बजावतात आणि पैसे भरतात. मग सामानाचा टेम्पो येतो. माझा टेम्पो आला तेव्हा त्या पांढऱ्या भिंतीवर, सायकलच्या जागी, पतसंस्थेच्या संचालक मंडळाचे पासपोर्ट आकाराचे फोटो लागले. सगळे समोर बघणारे. टेम्प्लेट तेच होतं, पण त्याला पाहुण्यांत घरातली भांडणं निघाल्यासारखं अवघडायला झालेलं दिसत होतं.

आमच्या शिकण्याच्या काळात पोर्टफोलिओ म्हणजे काळी चेनची बॅग. आत प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशव्या, पिशव्यांत काळ्या कागदावर चिकटवलेलं काम. जे.जे. काय, आमचं टिळक रस्त्यावरचं अभिनव काय, उपयोजित कलेचं शिक्षण घेतलेल्या कुठल्याही माणसाचा खांदा त्या बॅगेनं एका बाजूला झुकवलेला असायचा. सकाळच्या लोकलमध्ये ती बॅग घेऊन चढणाऱ्या मुलीला डब्यातल्या बायका काय काय बोलल्या असतील ते सांगायला नको. पण त्या बॅगेत एक मोठा गुण होता : ती टेबलावर उघडली की समोरच्याला उठून जाता येत नसे. चहा सांगितलेला असे, बॅगेनं टेबल व्यापलेलं असे, आणि आपण एकेक पान उलटत ‘हे सर, आम्ही तिसऱ्या वर्षाला’ असं सुरू करत असू. बिचारा शेवटच्या पानापर्यंत बसायचा. आता तोच माणूस अंगठ्यानं एकदा वर सरकवतो आणि निघून जातो. आपल्याला कळतही नाही की आला होता.

त्याच्याही आधीच्या मंडळींना बॅगेचीही गरज नव्हती. दीनानाथ दलालांनी १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला. दिवाळीच्या आधी स्टॉलवर अंक टांगले जायचे, आणि ज्यांना विकत घेणं परवडत नसे तेही उभं राहून मुखपृष्ठ बघून जायचे. मुळगावकरांची देवादिकांची चित्रं कॅलेंडरांवरून घराघरांत वर्षभर खिळ्याला लटकलेली असायची. बारा महिने दररोज कुणीतरी त्यांच्याकडे बघून दूधवाल्याचे खाडे मांडत असे. इतका निष्ठावान प्रेक्षक कुठल्या साइटला मिळतो? आणि कमल शेडगे. नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडलं की त्यांनी रेखलेली नावं एकमेकांशेजारी उभी असायची. विनोदी नाटकाचं अक्षर आधीच हसायला लागलेलं, रहस्यनाट्याचं अंधारात दबा धरून बसलेलं. २०२० साली ते गेले तोवर मराठी नाटक, मासिकं, सिनेमे मिळून त्यांच्या अक्षरांचा केवढा मोठा संसार उभा झाला होता. शेडग्यांना कुणी ‘दोन-तीन सॅम्पल पाठवता का’ म्हणून विचारलं असेल असं मला वाटत नाही. पेपरवाला रोज सकाळी दारात सॅम्पल टाकून जात होता.

आम्ही केलेलं मुखपृष्ठ आता लोकांना दिसतं ते ऑनलाइन दुकानात, अंगठ्याच्या नखाएवढं. चित्रकाराचं नाव असतं पुस्तकाच्या आत, मुद्रणालयाच्या पत्त्याच्या आसपास, जिथे वाचक फक्त किंमत बघायला जातो. म्हणून मग साइट हवी. हा युक्तिवाद मला पटतो. पटत नाही एवढंच, की त्यासाठी मलाच माझी जाहिरात लिहावी लागावी.

या बाबतीत मला आधार वाटतो तो लिओनार्दो दा विंचीचा. १४८२च्या सुमाराला, तिशीतला लिओनार्दो मिलानच्या लुदोव्हिको स्फोर्झाकडे काम मागायला गेला. त्याच्या अर्जाचा मसुदा आजही मिलानच्या ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे. त्यात एकही चित्र नाही. क्रमांक घालून मुद्दे मांडलेत : चटकन उचलून नेता येतील असे हलके पूल करतो, वेढा पडला तर खंदकातलं पाणी काढून देतो, तोफा करतो, भुयारं खणतो, बंदिस्त रणगाड्या करतो. नऊ मुद्दे लढाईचे. दहाव्यात, शांततेच्या काळात इमारती बांधतो आणि पाणी इकडून तिकडे नेतो, असं आहे. आणि त्याला शेपूट लावावं तसं, शिल्प आणि चित्रंही जमतात. आज लूव्हरमध्ये ज्याच्या एका चित्रासमोर लोक माना उंच करकरून फोटो काढतात, त्या माणसानं गिऱ्हाईक ओळखून चित्रकला तळाला टाकली होती! शिवाय कशाबद्दल शंका वाटली तर तुमच्याच बागेत प्रात्यक्षिक करून दाखवतो, अशी तयारीही दाखवली होती. हा माणूस आज असता तर ‘तुम्ही कोण’ या प्रश्नापुढे त्यानं कशावर खूण केली असती? माझा अंदाज, ‘पूल’.

त्याच अर्जात लुदोव्हिकोच्या वडिलांच्या स्मरणार्थ ब्राँझचा भव्य घोडा करून देण्याची लालूचही आहे. घोड्याचं पुढे मातीचं प्रतिरूप तेवढं झालं. ब्राँझ १४९४ साली तोफांसाठी गेलं, आणि १४९९ साली मिलान जिंकणाऱ्या फ्रेंच तिरंदाजांनी त्या मातीच्या घोड्यावर नेमबाजीचा सराव केला. माझ्या साइटवर ‘आगामी’ असं एक पान आहे. तिकडे गेले की मला तो घोडा आठवतो.

साइट उभी करायला मी भाच्याला बोलावलं. तो बंगळुरूला नोकरी करतो आणि सुट्टीला आला की माझ्या संगणकाकडे डॉक्टरांनी गावाकडच्या नातेवाइकाकडे बघावं तसं बघतो. त्यानं आल्याआल्या सांगितलं, ‘मावशी, आधी कमी कर. पंधराच कामं ठेव.’ निवड सुरू झाली. अहवाल बाद. मधुमेहाचा तक्ता बाद. मसाले ‘बघू’ या वर्गात. गिरणीची पाटी मी ठेव म्हटलं, त्यानं माझ्याकडे नुसतं बघितलं. संध्याकाळपर्यंत चाळून चाळून जे उरलं त्यात बहुतेक सगळी कवितासंग्रहांची मुखपृष्ठं होती. हे होणारच होतं. कवितासंग्रहाला प्रकाशक हात आखडून पैसे देतो किंवा कवीच देतो. कवी देतो तेव्हा पुस्तकाच्या प्रती देतो. पण कवी रंगात नाक खुपसत नाही. त्यामुळे ते काम चांगलं होतं. म्हणजे माझं घर ज्यांच्यावर चालतं ती कामं साइटवर नाहीत, आणि साइटवर जी आहेत त्यांच्यावर घर चालवायला घेतलं तर महिन्याच्या तीन तारखेला वाण्याकडे जाऊन कविता म्हणाव्या लागतील. पोर्टफोलिओ बघून जो माणूस माझ्याकडे येईल तो मला श्रीमंत समजून येईल, ही त्यातली गंमत.

मग मॉकअप. हा एक अलीकडचा साज आहे. मुखपृष्ठ नुसतं ठेवायचं नाही. संगणकावर तयार मिळणाऱ्या जाडजूड पुस्तकावर ते चढवायचं, पुस्तक संगमरवरावर आडवं ठेवायचं, आणि वरून एखाद्या पानाची सावली पाडायची. झाड कुठे आहे हे विचारायचं नाही. भाच्यानं माझ्या एका कवीच्या शहाण्णव पानी, पिन मारलेल्या संग्रहाला असा साज चढवला. तो संग्रह विश्वकोशाच्या खंडासारखा दिसायला लागला. कवींना लिंक पाठवली तर त्यांचा लगेच फोन : ‘ताई, ही आवृत्ती कधी निघाली? प्रकाशक मला काही बोलले नाहीत.’ त्यांची समजूत घालता घालता माझं दुपारचं जेवण राहिलं. आणि फोन ठेवताना ते जरा हळूच म्हणाले, ‘पण तशी एखादी प्रत निघू शकेल का?’

खरा गोंधळ पुढे झाला. या सगळ्या टेम्प्लेटांचा जन्म इंग्रजी अक्षरांच्या घरात झालाय. तिथे मथळा सुटसुटीत दिसावा म्हणून दोन अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडतात. इंग्रजीत ते ऐटबाज दिसतं. देवनागरीत तेच केलं की शिरोरेषा तुटते. माझं नाव वर मोठ्या अक्षरांत आलं आणि प्रत्येक अक्षर आपापली टोपी सांभाळत लांब लांब उभं, जणू एकमेकांशी बोलणं बंद आहे. ती जागा शून्य केली तर दोन ओळींतलं अंतर आडवं आलं. इंग्रजी अक्षराला वर रफार नसतो, खाली उकार नसतो, त्यामुळे त्या रचनेत ओळींना दाटीवाटीनं बसवलेलं. आमच्या वेलांट्यांचे शेंडे छाटले गेले आणि ‘पूर्ण’मधला रफार वरच्या ओळीतल्या ‘कु’च्या उकारात जाऊन अडकला. भाचा म्हणाला, ‘इंग्रजीतच करूया ना.’ मुखपृष्ठं मराठी, पुस्तकं मराठी, प्रकाशक मराठी, आणि त्यांना सांगायचं इंग्रजीत! मी नाही म्हटलं. यात तत्त्व किती आणि माझ्या इंग्रजीची भीती किती, हे इथे उकलत बसत नाही.

फाँटचंही तेच. टेम्प्लेटवाल्यानं निवडलेल्या सुंदर फाँटमध्ये देवनागरी नसते, मग संगणक आपल्या जवळचं जे असेल ते वाढतो. विंडोजच्या जुन्या मशीनवर तो ‘मंगल’ वाढायचा. मंगल रेखला र. कृ. जोशींनी; देवनागरी संगणकावर नीट उमटावी म्हणून त्या माणसानं उमेदीची वर्षं घातली, मुंबईच्या आयआयटीत कित्येक पिढ्यांना अक्षराकडे बघायला शिकवलं. सरकारी परिपत्रकांनी मंगलला इतका राबवला की तो दिसला की मला आपोआप ‘विषय :’ आणि ‘संदर्भ :’ दिसायला लागतात. तो फाँटचा दोष नव्हे. पण कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठाखाली मंगलमध्ये ‘मुखपृष्ठ व सजावट’ आलं की वाचणाऱ्याला खाली सही-शिक्का शोधावासा वाटतो. आता ‘एक टाइप’च्या मंडळींचा ‘मुक्त’ आहे, ‘बालू’ आहे, इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘पॉपिन्स’ आहे, सगळे फुकट आणि देखणे. फक्त ते साइटच्या तळघरात जाऊन हातानं बसवावे लागतात. भाच्यानं ते बसवले, आणि त्या एका गोष्टीसाठी मी त्याचा पोर्टफोलिओबद्दलचा उरलेला सगळा उपदेश ऐकून घेतला.

पत्ता तरी मराठीत असावा म्हणून मी हट्ट धरला. २०१४पासून ‘.भारत’ असा देवनागरी शेवट असलेले पत्ते मिळतात. पण पानाचं नाव देवनागरीत ठेवलं आणि तो पत्ता नकलून कुणाला पाठवला, की वाटेत त्याचं रूपांतर टक्क्यांच्या चिन्हांत होतं. एका अक्षरामागे तीन टक्के, आणि प्रत्येक टक्क्याला दोन-दोन आकडे-अक्षरं चिकटलेली. ‘मुखपृष्ठे’ एवढा शब्द पाठवला तर समोरच्याच्या मोबाइलवर ओळीच्या ओळी नुसते टक्के. एका ज्येष्ठ प्रकाशकांनी ते बघून फोन केला, ‘मॅडम, हे कसलं व्याज लावलंय?’

या सगळ्या सायासात एक गोष्ट मात्र तयार मिळते, ती म्हणजे लॅटिन मजकूर. टेम्प्लेटमध्ये जागा भरायला ‘लोरेम इप्सम’ घातलेला असतो. तो मूळचा सिसेरोचा, ख्रिस्तपूर्व ४५मधला, सुख म्हणजे काय आणि दुःख कशासाठी सोसायचं याची चर्चा करणारा ग्रंथ. त्यातले शब्द तोडून-मोडून छपाईवाल्यांनी नमुन्याला वापरले. १९६०च्या दशकात लेट्रासेटच्या घासून उमटवायच्या अक्षरांच्या पानांवर तो आला, तिथून संगणकात. माझ्या एका मित्राच्या साइटवर ‘माझ्याविषयी’ या पानावर तो लॅटिन मजकूर तसाच आहे. काढत का नाहीस विचारलं तर म्हणतो, ‘सिसेरोपेक्षा बरं मी काय लिहिणार?’ त्याला कामं मिळतात. कुणीही ते पान वाचलेलं नाही, असा याचा अर्थ.

मी मात्र ‘माझ्याविषयी’ लिहायला बसले. तिथली रीत अशी की आपण आपल्याबद्दल तिऱ्हाइतानं लिहिल्यासारखं लिहायचं. आता मराठीत बसायला पाट कुठला घ्यायचा? ‘त्या पुण्यात राहतात, त्या मुखपृष्ठं करतात’ असं लिहिलं तर स्वतःच स्वतःला वाकून नमस्कार केल्यासारखं होतं. ‘ती पुण्यात राहते’ लिहिलं तर कथेची सुरुवात होते आणि पुढे तिचं काहीतरी वाईट होणार असं वाटतं. शेवटी ‘मी’ लिहिलं. भाचा म्हणाला, हे प्रोफेशनल नाही. असेल. पण ‘मी’ म्हटल्यावर खोटं बोलायला जरा जड जातं, त्यामुळे पान आपोआप आखूड झालं, हा फायदा.

अभिप्रायांचं पान तर आपल्या स्वभावाच्याच विरुद्ध आहे. परदेशी साइटवर ग्राहक म्हणतात की हिच्यामुळे आमचा ब्रँड नव्यानं जन्मला. आमच्या एका प्रकाशकांनी माझ्या सर्वोत्तम मुखपृष्ठाला दिलेली दाद ‘चालेल’ अशी होती, आणि ती ऐकून शेजारी बसलेले त्यांचे मुद्रितशोधक चमकून माझ्याकडे बघायला लागले, की एवढं कौतुक कशाबद्दल. हे साइटवर कसं लावणार? मी संकोचून दोन-चार जणांना दोन ओळी मागितल्या. पतसंस्थेच्या व्यवस्थापकांनी मात्र मनावर घेतलं. संस्थेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून, गोल शिक्क्यानिशी पत्र आलं : सदर चित्रकार भगिनींनी संस्थेच्या अहवालाचे काम विहित मुदतीत व समाधानकारकरीत्या पूर्ण केले असून त्यांची वर्तणूक चांगली आहे. मी ते पत्र स्कॅन करून जसंच्या तसं लावलं. सबंध साइटवर माझं सगळ्यात आवडतं पान तेच आहे, आणि ‘वर्तणूक चांगली’ हा दाखला पॅरिसच्या कुठल्या चित्रकारापाशी असेल असं वाटत नाही.

साइट सुरू झाली की माणसाला आकडे बघण्याचा नाद लागतो. कुठल्या शहरातून किती जण आले, किती वेळ थांबले. माझ्या ओळखीतले एक छायाचित्रकार महिनाभर तरंगत होते, कारण त्यांच्या साइटला रोज पहाटे अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्न नावाच्या गावाहून कुणीतरी भेट देत होतं. रोज, न चुकता, प्रत्येक पानाला. पक्ष्यांचे फोटो काढतात ते. त्यांनी ठरवूनच टाकलं की व्हर्जिनियातल्या त्या गावात पक्ष्यांची आवड असलेला कुणी महाराष्ट्रीय माणूस राहतो आणि गावाकडच्या भारद्वाजाच्या आठवणीनं साइट उघडून बसतो. पहाट आपली, त्यांची संध्याकाळ, हेही त्यांनी हिशेबात धरलं होतं. अ‍ॅशबर्नमध्ये डेटा सेंटरांची जगातली सर्वांत मोठी वस्ती आहे. तिथल्या मशीनवर चालणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस जगभरच्या साइट चाळत फिरत असतात. हे त्यांना कुणी सांगायचं यावर आमची मित्रमंडळी अजून विचार करते आहे. तसं म्हटलं तर शेवटच्या फोटोपर्यंत थांबणारा प्रेक्षक मिळालाय. माणसांत कुठे एवढी चिकाटी असते?

फुकटातली साइट घेतली तर पानाच्या तळाशी त्या कंपनीची पाटी येते आणि पत्त्यात तुमच्या नावाआधी-नंतर त्यांचं नाव. दरमहा पैसे भरले की पाटी जाते. पहिल्या वर्षी स्वस्त, दुसऱ्या वर्षी खरा भाव. ज्या महिन्यात काम नसतं, म्हणजे ज्या महिन्यात साइटची गरज असते, नेमकं त्याच महिन्यात नूतनीकरणाचं पत्र येतं. पैसे चुकले की सगळं गायब. आणि पैसे भरूनही राहीलच असं नाही. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीजवर लोक हौसेनं वस्ती निवडून, घरक्रमांक घेऊन आपापली पानं मांडायचे. १९९९ साली याहूनं ते विकत घेतलं, २००९च्या ऑक्टोबरात बंद केलं. जपानातलं तेवढं दहा वर्षं पुढे चाललं. गूगलनं छोट्या धंदेवाल्यांना फुकट करून दिलेल्या साइटही मार्च २०२४मध्ये मिटवल्या. आणि इकडे अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांच्या ढिगात दलालांची मुखपृष्ठं निघतात, कोपरे खाल्लेली, पण पासवर्ड न विचारता उघडणारी. यावरून कागद श्रेष्ठ वगैरे मी म्हणणार नाही. वाळवी लागली की तोही सूचना न देताच बंद पडतो.

या कंपन्यांपैकी एकीची जन्मकथा मला फार आवडते. मेरिलंड विद्यापीठात शिकणाऱ्या अँथनी कासालेनाला स्वतःची साइट करायची होती. मनासारखं साधन मिळेना, म्हणून २००३ साली वसतिगृहाच्या खोलीत त्यानं साधनच करायला घेतलं, आणि त्याचं स्क्वेअरस्पेस झालं. म्हणजे मूळ काम बाजूला ठेवून त्याची हत्यारं घासत बसण्याच्या आमच्या सवयीला इतिहासात चांगला पूर्वज आहे. मीही पंधरा दिवस मुखपृष्ठ सोडून बटणाचा निळा रंग ठरवत होते. त्याची अब्जावधींची कंपनी झाली, माझं एक बटण झालं.

खरी कामं कशी येतात हे आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं. छापखान्यातला माणूस सांगतो की ‘त्या बाईंची फाइल उघडली की सरळ छापायला घेता येते, कडेला कापणीची जागा सोडलेली असते.’ या वाक्यावर माझी निम्मी कामं आली आहेत. कडेला सोडलेली तीन मिलिमीटर जागा कुठल्याही पोर्टफोलिओत दिसत नाही. दिसू नये म्हणूनच ती कापतात. बाकीची कामं फोनवर येतात, आणि फोनवर मी उत्साहानं लिंक पाठवली की थोड्या वेळानं उत्तर येतं : ‘मॅडम, बघतो. तोवर दोन-चार नमुने व्हॉट्सअ‍ॅपवर टाका ना.’ मी टाकते. कुठली चित्रं पाठवायची ते साइट करताना निवडलेलं असतंच, त्यामुळे आता पटकन सापडतात. गिरणीची पाटीही पाठवते, भाचा बघत नसतो.

साइट बघूनच आलेलं असं एक गिऱ्हाईक मात्र मला मिळालं. कोथरूडमधले एक कॅटरिंगवाले गृहस्थ. कुणाच्या तरी पुस्तकाचं नाव शोधताना माझ्या साइटवर पोचले आणि चक्क सगळी पानं बघून फोन केला. म्हणाले, ‘ताई, फार सुरेख. मोकळं मोकळं. काय ती जागा सोडलीय!’ मला भरून आलं. कुठलं मुखपृष्ठ आवडलं, विचारलं. ‘मुखपृष्ठं काय, छानच असतील,’ ते म्हणाले. ‘मी साइटबद्दल बोलतोय. आम्हाला अशीच एक हवी आहे. बासुंदीचे, पुरणपोळीचे फोटो आहेत आमच्याकडे. तुमची चित्रं काढून तिथे ते लावायचे, एवढंच.’

मी जरा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, फोटोंत पासपोर्ट आकाराचे किती आहेत. एकही नाही म्हणाले. मी दर सांगितला, निम्मे आगाऊ.

‘दोनशे कमी करा,’ ते म्हणाले, ‘आणि मथळा जरा लाल.’